संकेतस्थळ खुले, पण कोणाला?

मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली बोले ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. परंतु कागदावर खुल्या झालेल्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. कागदावर मिळालेला हक्क आपोआप हाती पडत नाही, हा महाडचा धडा आहे. आज तो अल्पदृष्टी बांधवांच्या बाबतीत आठवावा लागतो.

शिष्यवृत्ती, जात पडताळणी, भरतीचे अर्ज सारे ऑनलाइन झाले. चष्मा लावूनही ज्याला पुरेसे दिसत नाही, तो विद्यार्थी अक्षर मोठे करून वाचतो. पण अक्षर मोठे करताच रकाने एकमेकांवर चढतात, अर्ज सादर करण्याचे बटण पडद्याबाहेर जाते. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे त्याला दिसतच नाहीत. वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा तर डोळस माणसालाही छळतो. शासन निर्णय नुसता स्कॅन करून टाकला, तर मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मुके होते. मग सायबर कॅफेवाल्याला पैसे द्या, त्याच्या हाती आपली कागदपत्रे आणि पासवर्ड सोपवा! हे कसले स्वावलंबन?

उपाय महागडे नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ प्रमाण असावे, अक्षर दुप्पट केले तरी मजकूर तुटू नये, हे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून उपलब्ध आहेत. चूक केवळ लाल रंगाने न दाखवता शब्दांत सांगावी. कॅप्चाला आवाजाचा पर्याय द्यावा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा.

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली आला. सुलभतेचे नियम ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. एप्रिल २०२५ मध्ये तर डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

तेव्हा अर्ज अडला की कार्यकर्त्यांनी तो नुसता भरून देऊन थांबू नये. संबंधित खात्याकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. आपल्या संघटनांची संकेतस्थळेही याच निकषांवर तपासावीत. समतेची सुरुवात आपल्या घरापासून झाली पाहिजे.