शहर सोडून गेलेला क्लब

ऑगस्ट 2019 मध्ये एफसी पुणे सिटी हा फुटबॉल क्लब बंद झाला. इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा नव्या मालकांना मिळाली आणि 27 ऑगस्टला हैदराबाद एफसीची घोषणा झाली. मार्सेलिन्हो आणि आदिल खान हे कालपर्यंत पुण्याचे असलेले खेळाडू पिवळ्या जर्सीत दिसू लागले. पाच हंगाम बालेवाडीच्या स्टेडियममध्ये घसा बसेपर्यंत ओरडणारी ‘ऑरेंज आर्मी’ मात्र पुण्यातच राहिली. ज्या संघासाठी ती ओरडत होती, तो संघच उरला नव्हता.

पुढची कथा त्याहून बोलकी आहे. हैदराबादने 2022 मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सुपर लीग जिंकली. नंतर पैसा आटला, खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले. 2024 मध्ये क्लब बी. सी. जिंदल समूहाने घेतला आणि 2025 मध्ये तो दिल्लीला हलवून त्याचं नाव ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ ठेवलं. याच दिल्लीचा ‘दिल्ली डायनामोज’ 2019 च्या ऑगस्टमध्येच भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा एफसी’ झाला होता. सहा वर्षांत एका जागेने तीन शहरं पाहिली. पुणे आणि हैदराबाद, दोन्ही शहरांतल्या पाठीराख्यांना निर्णय झाल्यावरच कळला.

मी हे घुग्घुसहून लिहितो आहे. आमचं गाव कंपन्यांचं गाव. वेकोलिच्या कोळसा खाणी, सिमेंटनगरचा एसीसीचा कारखाना, लॉईड्सचा स्पंज आयर्न प्रकल्प. मालकी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. एसीसीचा ताबा 2005 मध्ये स्वित्झर्लंडच्या होल्सिमकडे गेला आणि 2022 मध्ये अदानी समूहाकडे आला. गावाने दोन्ही वेळा ती बातमी पेपरात वाचली, आणि दुसऱ्या दिवशी पाळीचा भोंगा वेळेवर झाला. मालक कुठल्याही देशाचा असो, चुनखडी आणि कोळसा या जमिनीत आहे. कारखाना उचलून हैदराबादला नेता येत नाही, म्हणून नव्या मालकालाही आमच्याशी बोलणं भाग पडतं. फुटबॉल क्लबाला असं जमिनीत काही नसतं. त्याचं सगळं भांडवल माणसांच्या मनात असतं, आणि करारात त्या माणसांचा कुठे उल्लेखच नसतो. मालक आणि समर्थक यांच्यातला अबोला इथून सुरू होतो.

सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली ती फ्रँचायझी पद्धतीने. शहरं आधी ठरली, मग त्या शहरांच्या नावाने खेळण्याचे हक्क विकले गेले. पुण्याचा संघ वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन यांच्या मालकीचा झाला. इटलीचा फिओरेंतिना क्लब सोबत होता. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पुण्याकडून खेळला, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा अद्रियान मुतू. पुढे अर्जुन कपूर सहमालक झाला. 2017-18 च्या हंगामात मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांच्या जोडीने संघाला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं. वर्षभरातच वाधवान समूहाची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी अडचणीत सापडली आणि क्लबाचा आधार गेला. मैदानावर जे जमून येत होतं, ते गृहकर्जाच्या बाजारात मोडलं. ज्या माणसाने हंगामाचं तिकीट काढलं होतं, त्याला हे आधी कळायला कुठलीही वाट नव्हती. त्याचं क्लबाशी नातं होतं ते ग्राहकाचं: तिकीट घे, जर्सी घे, ढोल वाजव.

पुण्यात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये ‘पुणे एफसी’ उभा केला. दुसऱ्या विभागातून वर चढत हा क्लब आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल स्पर्धेत आला आणि 2012-13 मध्ये देशात दुसरा आला. त्याची युवा अकादमी देशातल्या उत्तम अकादमींपैकी होती. सुपर लीगच्या झगमगाटापुढे आय-लीगची किंमत उतरली तशी 2015 नंतर मालकांनी संघ थांबवला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. कल्याणी समूहाचा ‘भारत एफसी’ 2014-15 चा एकच हंगाम खेळला, शेवटचा आला आणि संपला. ‘डीएसके शिवाजियन्स’च्या मागे 1987 सालचा पुण्याचा जुना क्लब होता. तोही दोन हंगाम आय-लीग खेळून वरच्या फळीतून नाहीसा झाला. पाच वर्षांत चार व्यावसायिक क्लब एका शहरातून उठले. त्यांच्या पाठीराख्यांची एकही सभा कुठल्या मालकाने बंद करण्याआधी बोलावल्याचं माझ्या वाचनात नाही.

मुंबईत याची सुरुवात त्याही आधी झाली. महिंद्रा कंपनीचा संघ 1962 चा. ‘महिंद्रा युनायटेड’ नावाने त्याने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन कप आणि ड्युरँड कप जिंकले. 2010 मध्ये कंपनीने आपला क्रीडाखर्च शालेय फुटबॉलकडे वळवायचं ठरवलं आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ त्या हंगामाअखेर मोडला. कारण वाईट नव्हतं. पण कूपरेजच्या लाकडी बाकांवर वर्षानुवर्षं बसणाऱ्यांनी तो निर्णय ऐकला फक्त. कंपनीच्या लेखी तो तिचा खर्च होता, आणि खर्चाबद्दल प्रेक्षकाला विचारायची रीत कुठे होती?

आता कोल्हापूरकडे वळू या, कारण महाराष्ट्रात क्लब म्हणजे नेमकं काय असू शकतं हे तिथे दिसतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ: ही नावं कुस्तीच्या तालमींची, पेठांची आणि तरुण मंडळांची आहेत. ज्या तालमीचा गणपती बसतो, तिचाच फुटबॉल संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतो. राजाराम महाराजांच्या पुढाकाराने 1940 मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, वरिष्ठ गटाच्या सोळा संघांची लीग चालवते. हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या तालमीत गेला याची चर्चा पेठेपेठेत रंगते. पैसा येतो वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्याकडून, राजकीय पुढाऱ्याकडून, कधी जुन्या खेळाडूच्या खिशातून. संघ हरला तर कार्यकर्त्याला पत्र लिहावं लागत नाही. संध्याकाळी तो तालमीच्या कट्ट्यावर बसलेला असतो. समोरचा विचारतो, “त्या पोराला शेवटच्या दहा मिनिटांत का काढला रे?” आणि उत्तर द्यावंच लागतं, कारण उद्या वर्गणीला त्याच्याच दारात जायचं असतं.

याच मातीतून अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. निखिल कदम पुणे एफसीमार्गे मोहन बागानपर्यंत गेला. पुण्यातले क्लब उठले तेव्हा कोल्हापूरच्या पोरांचीही वरची एक पायरी निखळली, हे पुण्याबाहेर फार कुणी बोललं नाही.

कोल्हापूरला आदर्श ठरवून मोकळं होता येणार नाही. तिथे पाठीराखाच मालक असल्याने ईर्षाही मालकीची होते. प्रेक्षकांतून हुल्लडबाजी झाली, दगड आले, सामने थांबवावे लागले, पोलिसांचा बंदोबस्त वाढवावा लागला, हे तिथल्या पेपरवाचकाला नवीन नाही. अशा वेळी केएसए आणि तालमी यांच्यात ताण येतो: असोसिएशन कारवाई करते, तालीम म्हणते की मूठभर पोरांची शिक्षा संघाला का. पण त्या भांडणात दोन्ही बाजूंना समोरच्याचं घर माहीत असतं. बैठक होते, समज दिली जाते, हंगाम पुन्हा सुरू होतो. नातं ताणलं जातं, तरी बोलणं तुटत नाही. पुण्यात कुणी दगड मारला नाही, कुणी बैठकही बोलावली नाही, आणि क्लब गेला.

मालक ऐकतच नाहीत असं नाही. कोलकात्यात त्यांना ऐकावं लागलं. आरपीएसजी समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल विभागात 80 टक्के हिस्सा घेतला आणि 2020 पासून संघ ‘एटीके मोहन बागान’ नावाने उतरला. 1889 सालच्या क्लबापुढे सहा वर्षं वयाच्या फ्रँचायझीचं नाव लागलं होतं. समर्थकांनी ते काढण्याची मागणी लावून धरली: बॅनर, मोर्चे, सामन्यांवर बहिष्कार. 18 मार्च 2023 ला गोव्यात सुपर लीग जिंकल्यावर संजीव गोयंका यांनी मैदानातच जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ असेल. तीन वर्षं चाललेल्या ओरडीला मिळालेलं ते उत्तर होतं.

कोलकात्याच्याच ईस्ट बंगाल क्लबात उत्तर मिळालं ते लाठीने. 21 जुलै 2021 ला गुंतवणूकदार श्री सिमेंटसोबतचा करार अडलेला असताना समर्थक क्लबाच्या तंबूसमोर जमले. दोन गटांत जुंपली आणि पोलिसांनी लाठीमार केला. पूर्व बंगालमधून उठून आलेल्या लाखो निर्वासितांचा हा क्लब. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेऱ्याकडे त्याच पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं पुनर्वसनात वसली. घर मागे राहिलेल्या माणसासाठी क्लबाचं नाव गावाच्या नावाइतकं जवळचं होतं. करारातली कलमं त्याला वाचायला मिळाली नाहीत, म्हणून तो रस्त्यावर आला.

युरोपने हे धडे आपल्या आधी आणि जास्त किंमत मोजून घेतले. 2002 मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबाला शंभरेक किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तळापासून चढत तो 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि 2020 मध्ये प्लाउ लेनला, आपल्या जुन्या वस्तीत, परतला. कार्डिफचा निळा क्लब मालकाने 2012 मध्ये लाल केला. समर्थकांच्या विरोधापुढे 2015 मध्ये निळा रंग परत आला. जर्मनीत क्लबाची बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहतील असा ‘50+1’ नियम आहे. तिथल्या लीगने 2023 च्या डिसेंबरमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी सामने सुरू असताना मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. खेळाडू ते वेचत राहिले, सामने लांबत गेले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने बेत सोडला. 2012-13 पासून युरोपीय स्पर्धांचा परवाना हवा असलेल्या प्रत्येक क्लबाला समर्थकांशी बोलणारा एक अधिकारी नेमावा लागतो. इंग्लंडने तर 2025 मध्ये कायदाच केला: बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचा रंग बदलण्याआधी समर्थकांचा कौल, आणि मैदान विकणं किंवा हलवणं यावर नियामकाचं नियंत्रण.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठामपणे दिसते. संवाद हा मालकाच्या स्वभावावर सोडायचा विषय नाही. चांगला मालकही संकटात सापडला की गप्प होतो, कारण बोललं तर बँक ऐकते, खेळाडू ऐकतात, खरेदीदार ऐकतो. बोलण्याची सक्ती आधीच लिहून ठेवलेली असेल तरच त्या दिवशी दार उघडतं. 2025 च्या जुलैमध्ये सुपर लीगचा हंगामच थांबवल्याचं जाहीर झालं. हक्कांचा करार संपत आला होता आणि महासंघ व आयोजक कंपनीचं जमत नव्हतं. तेव्हा क्लब, खेळाडू आणि प्रेक्षक सगळेच दाराबाहेर उभे होते. समर्थकाची जी गत पुण्यात झाली होती, ती आता मालकांचीही झाली.

महाराष्ट्रात पुन्हा कुणीतरी क्लब काढेल. कोल्हापूरची पोरं आहेत, कामठीच्या रब्बानी क्लबाची जुनी परंपरा आहे, मुंबई-पुण्यात पैसा आहे. तो क्लब कुणीही काढो, पहिल्या सामन्याआधी त्याने चार गोष्टी लेखी द्याव्यात. नाव, रंग, बोधचिन्ह आणि शहर नोंदणीकृत समर्थकांच्या बहुमताशिवाय बदलणार नाही. संचालक मंडळात त्यांनी निवडलेली एक व्यक्ती बसेल. वर्षातून एकदा मालक मराठीतून जाहीर सभेत हिशेब मांडेल आणि प्रश्न घेईल. आणि क्लब बंद करायचा झाला, तर आधी एक हंगामाची मुदत देऊन तो समर्थकांना चालवायला घ्यायची संधी देईल.

समर्थकांनीही आपली बाजू बांधावी. ढोल आणि बॅनर पुरत नाहीत. धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवावी, सभासद यादी ठेवावी, वर्गणी घ्यावी, दरवर्षी पदाधिकारी निवडावेत. गावोगावची गणेश मंडळं हे काम करत आलीच आहेत. मालकाला ज्याच्याशी बोलायचं तो कोण, हे कागदावर असलं की ‘कुणाशी बोलू?’ ही सबब उरत नाही. ऑरेंज आर्मीकडे आवाज होता, संस्था नव्हती. पुढच्या क्लबाच्या पाठीराख्यांनी ती आधी उभी करावी, मग तिकीट काढावं.