नाव पुसलेली गाणी

तळोज्यात चोरीचं गाणं फुकट कधीच नव्हतं. एमआयडीसीच्या फाट्यावर, फेज वनच्या बाजारात, पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोबाइलची दुकानं होती आणि बहुतेकांच्या काचेवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. साधारण 2008 पासून पुढची आठ-नऊ वर्षं हा धंदा जोरात चालला. पाळी सुटली की कारखान्यातला कामगार मेमरी कार्ड काढून द्यायचा, दहा-वीस रुपये मोजायचा आणि पुढच्या महिन्याभराची करमणूक खिशात घालून खोलीवर जायचा. म्हणून ‘लोकांना फुकटची चटक लागली’ हे वाक्य मला कधी पटलं नाही. लोकांनी पैसे दिले. ते गीतकाराच्या, गायकाच्या, वादकाच्या हातात पडले नाहीत, एवढंच. आणि पैशांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. तिच्याबद्दल आपण फार कमी बोललो.

या पट्ट्यात गाण्याची मालकी हा विचारच तसा नवा. आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन विधी लावायची. ते धवले तिनं आईकडून, सासूकडून ऐकून घेतलेले असत. कुणी कुणाचं गाणं उचललं अशी तक्रार नव्हती, कारण गाणारी मांडवात समोर असायची आणि तिचा मान तिला तिथल्या तिथे मिळायचा. गाणं आणि गाणारी यांची फारकत झाली ती कॅसेटमुळे.

कॅसेटनं या गावांना दिलं मात्र भरपूर. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजनं कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या आवाजांत काढली, किंमत खाली आणली आणि कॅसेट पानटपरीपर्यंत पोचवली. बड्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं, त्या लोकगीतांना या स्वस्ताईत जागा मिळाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप घराघरांत वाजू लागले. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं वरातीत आली. चोरटी कॅसेटही त्याच वाटेनं आली. डबल डेकवर एकावरून दुसरी भरणारी दुकानं गल्लोगल्ली होती. पनवेलवरून कोकणात, गोव्याकडे जाणाऱ्या व्हिडिओ कोचमध्ये रात्रभर सिनेमे लागत आणि त्या कॅसेटचे हक्क कुणाचे, हे कुणी विचारत नसे.

1984 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चोरट्या कॅसेटवाल्यांना शिक्षा वाढली आणि ध्वनिमुद्रण कुणी केलं, हक्क कुणाचे, कोणत्या वर्षीचं, हे वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं. नकली कॅसेट काढणाऱ्यानंही, माल खरा वाटावा म्हणून, आतलं कागदी कव्हर जसंच्या तसं छापलं. पैसे चोरले गेले, पण कव्हरवर गीत अमुक, संगीत तमुक हे शाबूत राहिलं. त्या काळातल्या माणसांना आजही गाण्याबरोबर गायकाचं नाव आठवतं, त्यात या कव्हरचा वाटा मोठा आहे.

सीडीचा काळ थोडक्यात सांगता येईल. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीनं सिनेमाची अस्सल व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली. चोरीच्या मालाच्या जवळपासच ही किंमत होती, आणि लोकांनी ती आनंदानं घेतली. रास्त भावात, हाताशी मिळालं तर माणूस अस्सल वस्तू घेतो, याचा तो सरळ पुरावा होता.

मेमरी कार्ड आलं आणि कव्हर गेलं. त्या दुकानातला कॉम्प्युटर आठवून पाहा. कळकट कीबोर्ड, कार्ड रीडरची वायर आणि पडद्यावर फोल्डरांची रांग: ‘आगरी डीजे नॉनस्टॉप’, ‘कोळीगीत’, ‘भोजपुरी’, ‘भीमगीते’, ‘जुने हिंदी’. तळोज्याच्या कामगारवस्तीत कुठून कुठून माणसं आली, ते त्या फोल्डरांवरून कळायचं. एखादं गाणं फोनवर लावलं की कलाकाराच्या रकान्यात गायकाचं नाव नसायचंच. ज्या वेबसाइटवरून ते उतरवलं तिचं नाव असायचं. अल्बमच्या जागी तेच, चित्राच्या जागी तेच. हळदीसाठी केलेल्या मिक्समध्ये तर दर मिनिटाला डीजेच्या नावाची आरोळी. गाणं लिहिणारा उलवे, उरण किंवा अलिबागकडचा असेल, त्याच्या शब्दांवर अख्खं गाव नाचत असेल, पण ते शब्द त्याचे आहेत हे शेजारच्या आळीतही माहीत नसे. मला हे नुकसान पैशांहून मोठं वाटतं. पैसे बुडालेला कलावंत पुढच्या सुपारीवर उभा राहू शकतो. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याला सुपारी द्यायला कोण येणार?

सरकारनं आणि कंपन्यांनी काही केलं नाही असं नाही. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याचा 1981 चा कायदा आहे. 2009 मध्ये त्यात व्हिडिओ पायरेट घातले गेले. 2012 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानं गाण्यांच्या 104 वेबसाइट बंद करायला लावल्या. गाणी भरून देणाऱ्या दुकानांना परवाना देण्याची योजनाही संगीत कंपन्यांच्या संघटनेनं काढली होती. मला या सगळ्यात तीच शहाणपणाची वाटते, कारण ग्राहक जिथे पैसे देत होता तिथूनच कलावंताचा वाटा काढायचा विचार तिच्यात होता. ती गावोगाव पोचायला हवी होती. छापे मात्र पोचले, आणि बारावी नापास पोरगं पकडून साइट चालवणारा सापडत नाही.

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ आला. थोड्याच दिवसांत चोरीची प्रत मोबाइलवर फिरू लागली, तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. तरी थिएटरं भरत राहिली आणि मराठी सिनेमानं तोवर न पाहिलेला गल्ला झाला. अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवला होता. चार-पाच एमबीच्या फाइलमध्ये आवळून, फोनच्या टिचभर स्पीकरवर ते व्हायोलिन कितीसे पोचले असतील! तरीही ‘सैराट’ टिकला, आणि तेवढ्यावरून ‘पायरसीनं काही बिघडत नाही’ असं म्हणणारे भेटतात. बिघडतं, पण दुसऱ्या कुणाचं. दोन आठवडे एकच खेळ मिळणाऱ्या मराठी सिनेमाची चोरीची प्रत पहिल्या शनिवारी निघाली की त्याचा तिसरा आठवडा येत नाही. मोठ्याकडून घेतलं तर चालतं, असं मनाशी ठरवून घेणाऱ्याचा हात छोट्याच्या खिशातही तितक्याच सहज जातो. म्हणून मला ती पळवाट मान्य नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन-तीन वर्षांत ‘गाणी भरून मिळतील’च्या पाट्या उतरल्या. आगरी-कोळी गाणी करणारी मुलं आता स्वतःचं यूट्यूब चॅनल काढतात, खाली गीत-संगीत लिहितात, जाहिरातीतून थोडंफार मिळवतात. 2012 च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाच आहे. तो वसूल करायला इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हावं लागतं. आपल्याकडच्या प्रत्येक गीतकारानं ते व्हावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. सिनेमाची चोरी टेलिग्रामवर गेली आहे. तिच्यासाठी 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे.

आणि हळद? लग्नाच्या वरातीत आणि समारंभात गाणं वाजवण्याला कायद्यानंच सूट दिली आहे. त्यामुळे पेंधर-तळोज्याच्या मांडवात यजमानाकडे कुणी परवाना मागायला येऊ नये, ते योग्यच आहे. पण त्याच मांडवात डीजेच्या साउंडला, लाइटला हजारो रुपये मोजले जातात आणि त्याच्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तीच नाव पुसलेली फाइल असते. डीजेच्या हातात माइक असतो. नवऱ्या मुलाचं, काकांचं, मामांचं, नगरसेवकाचं नाव तो घेतोच. गाणं लावताना ते कुणी लिहिलं, कुणी गायलं, हेही सांग, एवढं सुपारी देतानाच यजमानानं बजावावं. गाणारी माणसं पुष्कळदा पाच-सहा गावं पलीकडची असतात.