स्मार्टफोन आणि सायकलफेरीची मोजदाद

पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत दोन सोबती एकाच वेळीं, एकाच रस्त्यानें सायकलीवरून जातात. एकाच टपरीवर चहा घेतात आणि बरोबरच परत येतात. घरीं आल्यावर दोघेहि आपापला स्मार्टफोन काढून पाहतात, तों एकाच्या फोनवर अठ्ठेचाळीस किलोमीटर आणि दुसऱ्याच्या फोनवर जवळ जवळ पन्नास! किती चढ चढला याचे आंकडे तर याहूनहि विसंगत. मग कोणाचा फोन खोटा, यावर वाद माजतो. असे वाद हल्लीं अनेक सायकलस्वारांत ऐकूं येतात. वस्तुतः दोघांपैकीं कोणताहि फोन खोटें बोलत नसतो. फोन काय मोजतो आणि काय मोजत नाहीं, हें ध्यानांत न घेतल्यानें हा गोंधळ उडतो.

सायकलीचें अंतर मोजण्याची हौस कांहीं आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पुढच्या चाकापाशीं बसविण्याचीं लहानशीं यंत्रें निघालीं होतीं. चाकाच्या एका तारेला एक खुंटी असे. चाकाचा एक फेरा झाला कीं ती खुंटी यंत्राच्या चक्रीला टिचकी मारी आणि आंकडा पुढें सरके. अठ्ठावीस इंची चाकाचा परिघ सुमारें सव्वादोन मीटर. फेऱ्यांना परिघानें गुणलें कीं अंतर निघालें. ही रीत साधी आहे, पण तिच्यांत एक मोठा गुण आहे: चाक जमिनीला लागलेलें असतें आणि जितकी जमीन पायाखालून जाईल तितकीच तें मोजतें. स्मार्टफोन मात्र खिशांत किंवा दांडीवर बसलेला असतो. जमिनीशीं त्याचा कांहींच संबंध नसतो. तो पाहतो आकाशाकडे.

आकाशांत सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरत असतात. या योजनेचा आरंभ १९७३ सालीं झाला, पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला आणि १९९५ मध्यें ती पूर्णपणें कार्यान्वित झाली. लष्करासाठीं उभारलेली ही व्यवस्था सामान्य नागरिकांस वापरावयास दिली खरी. परंतु मे २००० पर्यंत त्यांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळण्यांत येत असे. ती इतकी मोठी असे कीं लक्ष्मी रोडवर उभा असलेला मनुष्य शेजारच्या पेठेंत दिसावा. ती अडचण दूर झाल्यावरच सायकलफेरीची नोंद करण्याजोगी अचूकता सामान्यांच्या हातीं आली. आज रशिया, युरोप व चीन यांचेहि उपग्रह असेच संदेश देतात, आणि भारतानेंहि २०१३ पासून आपले उपग्रह या कामासाठीं सोडले आहेत. बहुतेक नवे फोन एकाहून अधिक देशांच्या उपग्रहांचे संदेश घेतात.

उपग्रह फोनला शोधीत नाहीं, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. तो एवढेंच सांगत असतो कीं, मी अमुक ठिकाणीं आहें आणि माझ्या घड्याळांत आतां इतके वाजले आहेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगानें निघतो आणि सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास फोनपर्यंत पोहोंचतो. वाटेंत किती वेळ गेला यावरून उपग्रह किती दूर आहे तें कळतें. तीन उपग्रहांपासूनचीं अंतरें कळलीं कीं स्थान निश्चित व्हावें. पण फोनचें घड्याळ स्वस्तांतलें असतें, आणि येथें सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे तीनशें मीटरांची चूक. म्हणून ती चूक काढून टाकण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो. उपग्रहांवरील आण्विक घड्याळें अत्यंत अचूक असतात, तरी पृथ्वीवरील घड्याळांपेक्षां तीं दररोज सेकंदाच्या अडतीस दशलक्षांश भागांनीं पुढें जातात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धान्तावरून हा फरक काढतां येतो. तो दुरुस्त केला नाहीं, तर एका दिवसांत दहा किलोमीटरांहून अधिक चूक सांचेल. सिंहगडाच्या वाटेवरील सायकलस्वाराला आइन्स्टाइन असा नकळत सोबत करीत असतो!

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. फोन येथें केवळ ऐकण्याचें काम करतो, त्यामुळें घाटांत मोबाइलचें जाळें नसलें तरी नोंद चालूच राहते. जाळें असल्यास उपग्रहांचा ठावठिकाणा लवकर मिळतो, एवढाच त्याचा उपयोग. म्हणून घरून निघतांना घाई न करतां, उघड्या जागीं अर्धा मिनिट थांबून मग नोंद सुरू करावी.

मोकळ्या आकाशाखालीं साधारण स्मार्टफोनची चूक पांच मीटरांच्या आंत असते, असें अमेरिकन सरकारच सांगतें. पण मुंबईच्या उंच इमारतींत किंवा घाटांत कड्याच्या कडेनें जातांना अर्धें आकाश झांकलें जातें आणि संदेश भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेनें फोनपर्यंत येतात. वाट लांबली कीं फोनला उपग्रह दूर वाटतो आणि स्वार पलीकडच्या गल्लींतून गेल्याची नोंद होते.

आतां त्या दोन सोबत्यांकडे वळूं. फोन दर सेकंदाला, किंवा कांहीं सेकंदांनीं, एक ठिपका मांडतो आणि ठिपके सरळ रेघांनीं जोडतो. त्या रेघांची बेरीज म्हणजे फोनचें अंतर. ताशीं अठरा किलोमीटर वेगानें जाणारा स्वार सेकंदाला पांच मीटर पुढें जातो. दर सेकंदाला ठिपका मांडला तर वळण नीट उमटतें. दहा सेकंदांनीं मांडला, तर ठिपक्यांत पन्नास मीटरांचें अंतर पडतें, आणि कात्रजच्या जुन्या घाटांतील वळणें रेघ सरळ कापून जाते. तेथें अंतर घटतें. उलट, सरळ रस्त्यावर प्रत्येक ठिपका थोडा डावीउजवीकडे पडला कीं रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेहून लांबच असणार. तेथें अंतर वाढतें. टपरीवर चहा घेतांना तर गंमत होते. मनुष्य बाकावर स्वस्थ बसलेला असतो, पण ठिपके त्याच्याभोंवतीं फिरत राहतात. पुढें नकाशावर पाहिलें तर मांजरानें दोऱ्याची गुंडी विसकटावी तसा गुंता दिसतो आणि त्या गुंत्याचेहि शेंकडों मीटर हिशेबांत धरले जातात. एकाच्या फोनवर थांबतांच नोंद आपोआप थांबण्याची सोय चालू असेल आणि दुसऱ्याच्या नसेल, तर एवढ्यावरच दोघांचे आंकडे जुळावयाचे नाहींत.

कधीं कधीं नकाशावर एखादी लांबलचक सरळ रेघ शेतांवरून आणि नदीवरून गेलेली दिसते. तेथें उपग्रहांचा कांहीं दोष नसतो. विजेची बचत करण्यासाठीं फोननेंच नोंद करणारें ॲप मधल्या काळांत झोंपविलेलें असतें! सेटिंगमध्यें जाऊन त्या ॲपपुरतें बॅटरीबचतीचें बंधन काढून टाकावें आणि पडदा मात्र बंद ठेवावा. वीज सर्वांत अधिक खातो तो पडदाच. ब्रेव्हे नांवाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत २०० किलोमीटरांसाठीं साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरांसाठीं चाळीस तास दिलेले असतात. अशा फेरीस निघणाऱ्यानें वेगळा पॉवर बँक बाळगणें बरें.

उंचीचा आंकडा सर्वांत अविश्वसनीय. उपग्रह डोक्यावर व आजूबाजूस असतात, पायाखालीं एकहि नसतो. म्हणून उभ्या दिशेची चूक आडव्या दिशेच्या चुकीहून मोठी असते. त्यांत भर म्हणजे उपग्रह उंची मोजतात ती एका गणिती, गुळगुळीत पृथ्वीपासून. खऱ्या समुद्रसपाटीपासून नव्हे. गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखें नसल्यानें समुद्राची सपाटी कोठें या गणिती पृष्ठाच्या वर, तर कोठें खालीं असते. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत ती सुमारें १०६ मीटर खालीं आहे. पृथ्वीवरील सर्वांत खोल खळगा तोच. मुंबईच्या किनाऱ्यावरहि ती साठ मीटरांच्या आसपास खालीं आहे. ही दुरुस्ती न करणारें ॲप मरीन ड्राइव्हवरील स्वारास समुद्राच्या तळाशीं नेऊन बसवितें. कांहीं फोनांत वायुभारमापक असतो. हवेचा दाब सुमारें साडेआठ मीटरांस एक हेक्टोपास्कल या प्रमाणांत घटतो, त्यावरून तो चढउतार पुष्कळ बरा सांगतो. परंतु पावसाळ्यांत ढग दाटून दाब बदलला कीं त्यालाहि सपाट रस्त्यावर टेकडी दिसूं लागते. म्हणून आजचा चढ स्वतःच्याच कालच्या चढाशीं ताडून पाहावा; शेजाऱ्याच्या चढाशीं त्याची तुलना करण्यांत अर्थ नाहीं.

एक दोन किलोमीटरांच्या फरकानें मात्र कोणाचें नुकसान होत नाहीं. नुकसान होऊं शकतें तें दुसऱ्याच कारणानें, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. सायकलफेरीची नोंद म्हणजे मनुष्य कोठून, किती वाजतां निघाला, कोणत्या वाटेनें गेला आणि कोठें थांबला याची मिनिटागणिक लिहिलेली हकिकत. ती स्वतःजवळ ठेवली तर रोजनिशी. चव्हाट्यावर मांडली तर चोराला दिलेला नकाशा.

स्ट्राव्हा या प्रसिद्ध ॲपनें २०१७ च्या नोव्हेंबरांत आपल्या सभासदांच्या शंभर कोटि नोंदी एकत्र करून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. वर्दळीच्या वाटा त्यावर उजळ दिसत. जानेवारी २०१८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका विद्यार्थ्याच्या ध्यानीं आलें कीं, अफगाणिस्तान व सीरिया यांच्या ओसाड प्रदेशांत जे तेजस्वी ठिपके दिसतात ते लष्करी तळ होत. तेथील सैनिक व्यायामासाठीं धांवतांना नोंद ठेवीत होते. पुढें २०२४ सालीं फ्रान्समधील 'ल मोंद' या वृत्तपत्रानें दाखविलें कीं, राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांनीं प्रसिद्ध केलेल्या अशाच नोंदींवरून राष्ट्राध्यक्षांच्या मुक्कामाच्या जागा ओळखतां येतात. ज्यांचें कामच गुप्तता राखण्याचें, त्यांची ही गत! मग रोज पहाटे साडेपांचला एकाच फाटकांतून एकटी बाहेर पडणारी विद्यार्थिनी, किंवा लाखाची सायकल जिन्याखालीं ठेवणारा गृहस्थ, यांची काय कथा?

उपाय अवघड नाहींत. नोंद प्रथमपासूनच खाजगी ठेवण्याची सोय प्रत्येक चांगल्या ॲपमध्यें असते. घराभोंवतालचा भाग नकाशावरून लपविण्याचीहि सोय असते. पण तिच्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं दाखवून दिलें कीं, लपविलेलें क्षेत्र गोल असेल आणि अनेक फेऱ्या त्याच्या कडेशीं येऊन तुटत असतील, तर त्या तुटलेल्या टोंकांवरून वर्तुळाचा मध्य, म्हणजे घर, काढतां येतें. शाळेंतील भूमितीच ती! परिघावरील तीन बिंदू मिळाले कीं मध्य सांपडलाच.

प्रवासांत असतांना आपलें स्थान घरच्या माणसांस कळविणें ही गोष्ट निराळी, आणि तिचा उपयोग मोठा आहे. घाटांत चाक फुटलें, पाय मुरगळला किंवा अंधार पडला, तर नवरा, मुलगी किंवा भाऊ नेमके तेथें येऊं शकतात. मात्र यासाठीं मोबाइलचें जाळें असावें लागतें. अशी माहिती दोघां तिघांपुरतीच ठेवावी आणि फेरी संपतांच बंद करावी. ज्यांना आपली नोंद मित्रमंडळींस दाखविण्याची हौस आहे, त्यांनीं ती घराच्या फाटकांत सुरू न करतां पुढच्या मोठ्या चौकांत करावी, परततांना दुसऱ्या एखाद्या चौकांत थांबवावी, आणि फेरी आटोपून दोन चार तास लोटल्यावरच ती प्रसिद्ध करावी.