एक राउटर, दोन मालक

बँकेच्या एखाद्या शाखेत कोपऱ्यात एक राउटर लुकलुकत असतो. बसलाय बँकेच्या जागेत, पण बऱ्याचदा त्याला सांभाळते सर्व्हिस प्रोव्हायडर कंपनी. हा सीई, म्हणजे कस्टमर एज राउटर. (‘ग्राहक-सीमा-मार्गक’ म्हणता येईल, पण मग हा लेख वाचणार कोण?) त्याची लाइन कंपनीच्या ज्या राउटरला जाते तो पीई, प्रोव्हायडर एज.

एकाच पीईवर बँक, हॉस्पिटल, साखर कारखाना असे कितीतरी ग्राहक असतात. पीई प्रत्येकासाठी वेगळं राउटिंग टेबल ठेवतो, त्याला व्हीआरएफ म्हणतात. बँकेच्या टेबलात हॉस्पिटलचा रूटच नाही, मग पॅकेट तिकडे जाणार कसं? १९९९ च्या आरएफसी २५४७ मध्ये ही पद्धत मांडली गेली. २००६ मध्ये तिची जागा आरएफसी ४३६४ ने घेतली.

आता खरी गंमत. कंपनीच्या कंट्रोल रूममधल्या सर्व्हरला या सीईपर्यंत पोचायचंय. भिंती कंपनीनेच बांधल्या, आणि आता तीच बाहेर! म्हणून सगळ्या ग्राहकांना स्पर्श करणारा एक मॅनेजमेंट व्हीपीएन लागतो. तो निष्काळजीपणे केला तर त्याच वाटेने बँक आणि हॉस्पिटल एकमेकांना भेटतील.

पहिली अडचण पत्त्यांची. १०.१.१.१ सारखे प्रायव्हेट पत्ते सगळेच वापरतात. “पण रूट डिस्टिंग्विशर आहे ना!” असं व्हायव्हात कोणीही म्हणेल. तो ८ बाइटचा तुकडा पत्त्याच्या पुढे लागतो, पण फक्त बीजीपीत. रूट मॅनेजमेंटच्या व्हीआरएफमध्ये उतरला की तुकडा गळतो, आणि दोन १०.१.१.१ समोरासमोर! म्हणून कंपनी प्रत्येक सीईला स्वतःच्या साठ्यातला, कुठेही रिपीट न होणारा एक पत्ता देते आणि तेवढाच /३२ रूट मॅनेजमेंटकडे पाठवते.

दुसरी अडचण रूट टार्गेटची. सगळ्यांना एकच टार्गेट दिलं तर सगळे सीई एकमेकांना दिसू लागतात. म्हणून दोन हवीत. सीईचा /३२ रूट ‘अ’ लावून बाहेर पडतो, आणि ‘अ’ फक्त मॅनेजमेंट घेतं. सर्व्हरच्या सबनेटवर ‘ब’ असतं, ते ग्राहकांचे व्हीआरएफ घेतात. ‘अ’ कुठल्याच ग्राहकाने घ्यायचं नाही, म्हणजे शेजारी दिसतच नाही. आणि मॅनेजमेंटकडून डिफॉल्ट रूट तर अजिबात सोडायचा नाही.

इथे बरेच जण हुश्श करतात, पण मला हाच भाग सर्वांत नाजूक वाटतो. सर्व्हरचा रूट बँकेच्या टेबलात आलाय, म्हणजे शाखेतल्या कुठल्याही पीसीवरून त्या सर्व्हरकडे पॅकेट धाडता येतं. परतीचा रूट नसल्यामुळे उत्तर येणार नाही, पण एकतर्फी पॅकेट पोचलंच की! त्यामुळे पीईवर अ‍ॅक्सेस लिस्ट हवीच: सर्व्हरशी बोलेल तो फक्त सीईचा पत्ता.

आणि रस्त्याच्या खोदकामात लाइनच तुटली तर? मग मॅनेजमेंट व्हीपीएनही तिच्यासोबतच जातो. म्हणून महत्त्वाच्या शाखेत सीईच्या कन्सोल पोर्टला वेगळा मॉडेम जोडतात. पूर्वी तो टेलिफोन लाइनवर चालायचा, आता सिमकार्डवर.