मोटारीच्या सुकाणूचे सांधे

मोटार हाकणाऱ्याच्या हातातील चक्र आणि रस्त्यावर धावणारी पुढील चाके यांच्यामध्ये काही दांडे व मोजके सांधे एवढाच काय तो दुवा असतो. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. परंतु सुकाणूचा सांधा निखळला तर धावती गाडी चालकाच्या हाती राहत नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना असे घडले तर काय होईल, हे सांगावयास नको. सुदैवाने हा सांधा सहसा पूर्वसूचना दिल्यावाचून निखळत नाही. ती सूचना ओळखता आली, तर झिजलेला सांधा घरच्या अंगणातही बदलता येतो.

उदाहरणादाखल मारुती ८०० ही गाडी घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात ती विक्रीस आली व २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्यात चक्र फिरविले की एक लहान दातेरी चाक फिरते आणि त्यात अडकलेला दातेरी दांडा डावीउजवीकडे सरकतो. या दांड्याच्या दोन्ही बाजूंस टाय रॉड असतात. प्रत्येक टाय रॉडच्या बाहेरील टोकास जो सांधा असतो, त्यास गॅरेजवाले ‘टाय रॉड एंड’ म्हणतात. त्याची रचना माणसाच्या खांद्यासारखी असते. वाटीत पोलादी गोळा बसविलेला, आत ग्रीस आणि वर रबरी टोपण. चाक खड्ड्यात उतरो वा वळणावर तिरपे होवो, गोळा वाटीत फिरून त्यास वाट करून देतो.

या सांध्याचे खरे शत्रू म्हणजे धूळ आणि पाणी. टोपण फाटले की चिखल आत शिरतो, ग्रीस वाहून जाते व गोळा झिजू लागतो. जुन्या मोटारींत अशा सांध्यांत बाहेरून ग्रीस भरण्याची सोय असे. आजचे बहुतेक सांधे कायमचे बंद केलेले असतात. त्यामुळे त्यांची दुरुस्ती होत नाही, ते बदलावेच लागतात. बाहेरून वाटी ठोकून आवळण्याचा मोह कोणीही धरू नये.

चक्र थोडे फिरवूनही चाक न वळणे, सरळ रस्त्यावर गाडी भरकटणे, खड्ड्यातून जाताना पुढे खटखट होणे आणि टायर एका कडेने झिजणे, ही झिजेची लक्षणे होत. खात्री करण्यासाठी पुढचे चाक उचलून ते डाव्या व उजव्या कडेस धरावे आणि मागेपुढे हलवावे. त्याच वेळी दुसऱ्याने सांध्याकडे पाहावे. वाटीत गोळा लटपटताना दिसला तर निर्णय झालाच. वरखाली धरून हलविताना चाक डुगडुगले, तर दोष बेअरिंगात किंवा खालच्या बॉल जॉइंटमध्ये असण्याचा संभव अधिक.

काम सपाट जागेवर करावे. मागील चाकांस दगडांची ओट लावावी व गाडी जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी. विटांची चवड भाराखाली फुटते. तिच्यावर विसंबू नये. चाक काढल्यावर टाय रॉडवरील लॉक नट थोडा सैल करावा. मग सांध्याची पिन काढून नट सैल करावा, पण तो काही आट्यांवर तसाच राहू द्यावा. सांध्याचा दांडा निमुळता असून आपल्या छिद्रात घट्ट रुतलेला असतो. पुलर नसेल तर ज्या हातात तो रुतलेला असतो, त्या हाताच्या बाजूवर हातोड्याने ठोकावे. दांड्याच्या टोकावर ठोकल्यास आटे बिघडतात. दांडा सुटला की नट पुरता काढून जुना सांधा फिरवून बाहेर घ्यावा आणि फेरे मोजून ठेवावेत. नवा सांधा तितकेच फेरे आत फिरवून बसवावा.

आता खाचांचा नट कंपनीने सांगितलेल्या ताणाइतका आवळावा. खाच आणि छिद्र समोरासमोर आले नाही तर नट आणखी पुढे फिरवावा; मागे सोडू नये. पिन प्रत्येक वेळी नवीच घालावी व तिचे पाय पसरून वाकवावेत. नट फिरून गळून पडू नये, याचा सारा भार या क्षुद्र तारेवर असतो. शेवटी लॉक नट आवळावा.

एवढ्याने काम संपत नाही. फेरे अचूक मोजले, तरी पुढील चाकांचा परस्परांशी असलेला कोन किंचित बदलतोच. आणि तेवढ्याने नवे टायरही थोड्या दिवसांत झिजते. म्हणून गाडी सावकाश चालवीत जवळच्या अलाइनमेंट केंद्रात न्यावी आणि तेथे चाके जुळवून घ्यावीत. सांधा बदलणे घरी शक्य आहे. चाकांचा कोन मात्र डोळ्यांच्या अंदाजावर सोपवू नये.