सहा गठ्ठ्यांची शिस्त

कार्यालयात काम तुंबले की कर्मचारी वाढवून मिळावेत अशी मागणी होते. परंतु पुष्कळदा उणीव माणसांची नसते, मांडणीची असते. ज्याचा अर्धा दिवस कागद शोधण्यात जातो, त्याने उरलेल्या अर्ध्या दिवसात पूर्ण दिवसाचे काम करावे ही अपेक्षा व्यर्थ होय. ही साधी गोष्ट ओळखून एका मोठ्या कार्यालयाचे रूप पालटल्याचे उदाहरण सोलापूरच्या शेजारच्या जिल्ह्यातच घडले.

1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत श्री. अनिलकुमार लखिना हे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी तेथील कार्यालयीन कामाची घडी नव्याने बसविली. ही रीत पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित झाली. तिच्यातील सहा गठ्ठ्यांची पद्धत शाळा व केंद्र यांनाही उपयोगी आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्याकडील सर्व कागद पुढील सहा भागांत विभागावयाचे असतात :

1. प्रलंबित प्रकरणे : ज्यांवर आपणच कार्यवाही करावयाची आहे.
2. प्रतीक्षाधीन प्रकरणे : ज्यांत दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट आहे.
3. नियतकालिके : ठराविक मुदतीत पाठवावयाची विवरणपत्रे.
4. स्थायी आदेश : वारंवार लागणारे निर्णय व परिपत्रके.
5. अभिलेख कक्षात पाठवावयाची, काम संपलेली प्रकरणे.
6. नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद.

पहिला व दुसरा गठ्ठा वेगळा करण्यात मोठे मर्म आहे. दोन्ही एकत्र असले म्हणजे ‘प्रकरण वर गेले आहे’ या उत्तराआड आपल्याकडेच अडलेले कामही लपते. ते वेगळे होताच विलंब कोठे आहे हे कोणासही न विचारता दिसते. कोठे निर्णय घ्यावयाचा आणि कोठे स्मरणपत्र धाडावयाचे, हेही ठरते.

काम संपलेल्या कागदांचे जतन वर्गवारीने होते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ 30 वर्षांचा, ‘क’ 10 वर्षांचा, ‘क-1’ 5 वर्षांचा आणि ‘ड’ 1 वर्षाचा. शाळेची सर्वसाधारण नोंदवही, जिला सर्वजण जनरल रजिस्टर म्हणतात, ती कायम जपावयाची असते. कित्येक वर्षांपूर्वी शाळा सोडून ऊसतोडीस गेलेला मनुष्य जन्मतारखेच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठी एके दिवशी दारात उभा राहतो. त्याची एक दिवसाची मजुरी बुडालेली असते. नोंदवही दहा मिनिटांत सापडली तर त्याचे काम होते. न सापडली तर त्याच्या मुलांचेही अडते. सेवापुस्तकातील नोंदी वेळच्या वेळी न झाल्यामुळे निवृत्तिवेतन लांबलेल्या शिक्षकाची व्यथाही याच जातीची आहे. करमाळ्याकडील खेड्यातून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून सोलापूरला खेटे घालणे उतारवयात सोपे नाही.

असे असूनही नव्या पद्धतीस विरोध होतो. त्याचे कारण नेहमी आळस हेच नसते. ‘कागद नष्ट केला आणि उद्या मागितला तर?’ ही भीती खरी असते. ती रागावून जात नाही. जतनाची मुदत लेखी दाखवावी, यादी करावी, वरिष्ठांची मान्यता घ्यावी, म्हणजे जबाबदारी एकट्याच्या माथी राहत नाही आणि हात मोकळा चालतो. दुसरे असे की, प्रमुखाने प्रथम स्वतःचे टेबल लावावे. ज्याच्या कपाटावर धूळ आहे, त्याच्या आदेशावरही ती लवकरच बसते.

2017 साली पुणे महसूल विभागात, ज्यात सोलापूर जिल्हाही येतो, विभागीय आयुक्त श्री. चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालविली. तिचा भर साचलेले काम निपटण्यावर आणि रोजचे काम रोज उरकण्यावर होता. यातील दुसरा भाग अधिक कठीण आहे. तपासणीची तारीख कळल्यावर बांधलेले गठ्ठे तपासणी संपताच सुटतात.

म्हणून मुख्याध्यापकांनी प्रारंभ लहान करावा. एका शनिवारी एकच कपाट घ्यावे, सहकाऱ्यांसमवेत त्याची वर्गवारी करावी, प्रत्येक गठ्ठ्यावर नाव व वर्ष लिहावे आणि पुढे आठवड्यातून एकदा पहिला गठ्ठा स्वतः पाहावा. कागदांत वाचलेली प्रत्येक घटका अखेर वर्गातील मुलांच्याच वाट्यास येते. प्राथमिक शाळेतील सुधारणेचा खरा हिशेब तोच होय.