धबधबा बघायचा, पण कोणत्या महिन्यात?

सहल ठरवताना आपण आधी सुट्टी बघतो. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्याला मात्र आधी महिना बघावा लागतो, नाहीतर लाखभर रुपये घालून कोरडा कडा बघायची वेळ येते.

झांबिया आणि झिंबाब्वे या देशांच्या हद्दीवर झांबेझी नदी सुमारे १७०० मीटर रुंदीने कोसळते, तीही १०८ मीटर खोल. तिथले लोक त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणतात, म्हणजे गडगडणारा धूर. आम्हाला हेच नाव जास्त आवडतं.

पाऊस तिथे नोव्हेंबर ते मार्च. वरच्या मुलखातलं पाणी खाली यायला वेळ लागतो, म्हणून मोठा पूर एप्रिलच्या सुमारास. तेव्हा इतके तुषार उडतात की अंग चिंब भिजतं, पण समोरचा धबधबाच दिसत नाही! आणि आपल्या दिवाळीत? झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता काळा कातळ, अगदी आपल्या सह्याद्रीसारखा. झिंबाब्वेच्या बाजूने मात्र तेव्हाही पाणी दिसतं.

जून ते ऑगस्ट सगळ्यात चांगला. पण तेव्हा आपली पेरणी, खुरपणी. मग दिवाळीतच जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी सहलवाल्याला विचारा, “धबधबा कोणत्या देशातून दाखवणार?”